कोण कोण आलं होतं?

रविवारी चर्चला जाता आलं नाही, असं आमच्या घरी वर्षातून दोन-तीनदाच व्हायचं. कुणाला ताप आलेला असायचा, नाहीतर सकाळच्या एसटीनं पाहुणे उतरायचे आणि त्यांच्या चहा-पोह्यांत घरातल्या एकाला अडकून पडावं लागायचं. ती एक बहुतेक वेळा आईच असायची. आम्ही साडेअकराला परत आलो की ती स्वयंपाकघरातूनच, कढईवरची नजर न हलवता विचारायची, “कोण कोण आलं होतं?”

वडिलांना या प्रश्नाचा राग यायचा. त्या दिवशीचं वचन कुठलं, पाळकसाहेबांनी त्यातून काय काढलं, हे सगळं सांगायला ते अंगातला कोट न काढता खुर्ची ओढून बसायचे, आणि आईला मात्र आधी हजेरी हवी असायची. “उपदेश काय झाला ते तरी विचारा,” असं ते म्हणाले की ती म्हणायची, “तो सांगा हो सावकाश. दवाखान्यातल्या सिस्टर आल्या होत्या का? रेल्वेतले काका? त्यांचा पाय बरा आहे का?” मग मी ओट्याला टेकून बाकांच्या क्रमानं सांगायला लागायचे. डावीकडून पहिला बाक, दुसरा बाक. तिसऱ्यावर पाळकीणबाई, त्यांच्या शेजारी पुण्याहून आलेली त्यांची बहीण. आईची फोडणी माझ्या हजेरीबरोबर संपायची.

मी नगरची. कागदोपत्री आता ते अहिल्यानगर झालं आहे. आम्ही तेव्हाही नुसतं नगर म्हणायचो, आजही तोंडात तेच येतं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं इथे १८३१ मध्ये आली. शाळा निघाल्या, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाला, पुढे दवाखाना आला. माझ्या लहानपणी हा सगळा इतिहास आमच्या माळ्यावर एका पत्र्याच्या पेटीत होता. ‘ज्ञानोदया’चे पिवळे पडलेले अंक, शब्बाथ शाळेतल्या बक्षिसांची पुस्तकं आणि पणजोबांचा गळपट्टा. पेटी उघडली की वाळवीच्या औषधाचा वास यायचा. आम्हा मुलांना त्यातलं कशाचंच विशेष वाटायचं नाही. आमचं नगर म्हणजे घंटा.

घंटा दोनदा व्हायची. पहिली अर्धा तास आधी. ती आंघोळ उरकलेल्यांसाठी नव्हे, न उरकलेल्यांसाठी असायची. वेण्या, इस्त्री, एका पायात मोजा आणि दुसऱ्याचा शोध, असा तो अर्धा तास. दुसरी घंटा पाच मिनिटं आधी. या दोन घंटांच्या मध्ये आमच्या गल्लीत एक तिसरी घंटा होती. शेजारच्या आजी. त्या पांढरं लुगडं नेसून, हातात रुमालात बांधलेलं शास्त्र घेऊन घरातून निघायच्या आणि प्रत्येक ख्रिस्ती दाराशी थांबून एकच शब्द म्हणायच्या, “चला.” आत यायच्या नाहीत, उत्तराची वाट पाहायच्या नाहीत. पुढच्या दाराशी पुन्हा “चला.” गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्यांच्यामागे दहा-बारा माणसं झालेली असायची. मला ते गंमतीचं वाटायचं, कारण आजींना गुडघ्यांमुळे भराभर चालता यायचं नाही आणि सगळी गल्ली त्यांच्या पावलानं चालायची.

पुष्कळ वर्षांनी एकशे बाविसावं स्तोत्र वाचताना त्या आजी आठवल्या. यरुशलेमेला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी जी पंधरा गीतं स्तोत्रसंहितेत ओळीनं येतात, त्यांतलं हे तिसरं. त्यातला कवी मंदिरात पोचून आनंदला असं म्हणत नाही. आपण जाऊ या, असं कुणीतरी त्याला म्हणालं, तेव्हाच त्याला आनंद झाला. अजून वाट चालायची आहे, चढण आहे, पाय धुळीनं भरायचे आहेत. पण दाराशी कुणीतरी आलं आहे. पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला हे स्तोत्र समजावून सांगावं लागणार नाही, असं मला वाटतं. दिंडी गावात आली की घराघरांत जी लगबग होते, ती त्यालाही ठाऊक असते.

*

वडिलांकडे चर्चमधल्या पाटीचं काम होतं. वेदीच्या डाव्या बाजूला भिंतीवर एक काळी लाकडी पाटी होती, तिच्यात खाचा, आणि खाचांत त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक लावायचे. आकडे इंग्रजी होते. गोरे साहेब गेले, आकडे राहिले. शनिवारी संध्याकाळी पाळकसाहेबांची चिठ्ठी यायची आणि वडील मला बरोबर घेऊन जायचे. रिकाम्या चर्चमध्ये बोललं की आवाज छतापर्यंत जाऊन परत यायचा. त्यामुळे आम्ही दोघं उगीचच कुजबुजायचो. मी स्टुलावर चढून आकडे लावायचे, ते खालून सांगायचे.

एका शनिवारी मी सहाचा आकडा उलटा लावला. इंग्रजी सहा उलटा झाला की नऊ. रविवारी उपकारस्तुतीचं गीत व्हायचं होतं, आणि पाटीवरच्या क्रमांकाला जे गीत होतं ते माणूस मातीआड करताना म्हणतात त्यांतलं. पेटी वाजवणाऱ्या काकांकडे चिठ्ठी होती, त्यांनी आनंदाची चाल सुरू केली. पुस्तक उघडून बसलेल्यांनी त्या आनंदाच्या चालीत मरणाचे शब्द कोंबायला सुरुवात केली. मात्रा जुळेनात. एकाचा शब्द उरायचा, दुसऱ्याची चाल उरायची. पण मंडळीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना पुस्तक लागत नसे. त्यांनी चाल ओळखली आणि डोळे मिटून खरं गीत धरलं. पहिलं कडवं म्हणजे नुसता गोंधळ. दुसऱ्यात पुस्तकवाल्यांनी मान वर करून शेजारी काय म्हणतो आहे ते ऐकलं. तिसऱ्या कडव्याला सगळं चर्च एका गीतावर आलेलं होतं. कुणी काही जाहीर केलं नाही, पेटी थांबली नाही. मी मात्र बाकाखाली तोंड लपवून होते. घरी येताना वडील एवढंच म्हणाले, “आज मंडळी बरी गायली.” ते चिडले होते की हसत होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गाण्याचं सांगायचं तर मी बेसूर आहे. शाळेत स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात मला मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं, ते बरेच दिवस मनात राहिलं. चर्चमध्ये कुणी ओठ हलवायला सांगितलं नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या मावशींचा आवाज जाडाभरडा, बाजरीच्या पिठासारखा, पण सुरातून हलायचा नाही. त्यांच्या आवाजाच्या आडोशाला उभं राहून मी गायचे. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही एवढं मोठ्यानं सगळे गात असले की बेसूर माणसाला जी मोकळीक मिळते, ती सुरेल माणसांना कळायची नाही. ‘उपासना संगीता’तल्या कितीतरी रचना मला पाठ आहेत. एकटीनं म्हणायला सांगितल्या तर दोन ओळींपुढे जाता येणार नाही. चारचौघांत उभी राहिले की एकेक ओळ आपोआप पुढे येते, जणू ती माझ्याकडे ठेवलेलीच नाही, शेजारणीकडे आहे.

त्या पुस्तकात नारायण वामन टिळकांचा वाटा फार मोठा. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि नंतरचं त्यांचं बरंचसं आयुष्य नगर-राहुरीच्या बाजूलाच गेलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. विलायती चालींवर मराठी शब्द ओढूनताणून बसवलेली गीतं लोक गात होते. टिळकांनी अभंग आणले, ओव्या आणल्या, पदं आणली, आणि आमच्या आजीच्या पिढीला जात्यावर बसल्यासारखं गाता येऊ लागलं. आजही आमच्याकडे एकाच उपासनेत पहिलं गीत इंग्रजी चालीवर, सगळे ताठ उभे राहून. आणि तिसरं भजन, तबला आणि टाळांवर, मागच्या बाकावरची पोरं पाय हलवत. बाहेरून आलेल्या माणसाला ही सरमिसळ विचित्र वाटते. आम्हाला भातावर आमटी आणि रस्सा दोन्ही घेण्यासारखी ती सवयीची आहे.

टिळकांच्या शेवटच्या काळातली एक गोष्ट मला त्यांच्या कवितांइतकीच जवळची वाटते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताच्या मागे जाऊ पाहणारे सगळेच त्यात बसतील, अशी ती कल्पना. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार पुढे वाढला नाही. आमच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर वर्षानुवर्षं एक गृहस्थ येऊन बसायचे. कपाळाला गंध असायचं. कधी गाणं म्हणायचे नाहीत, प्रभुभोजनाच्या वेळी हळूच उठून पायरीवर जाऊन थांबायचे आणि शेवटच्या गीताला परत यायचे. त्यांना कुणी काही विचारलं नाही. ते आले नाहीत त्या रविवारी मात्र आईच्या हजेरीत त्यांचंही नाव निघायचं. नाव म्हणजे “ते पायरीवरचे.”

*

आजोबांच्या खेड्यातलं चर्च म्हणजे एक लांबट खोली, शेणानं सारवलेली, वर कौलं. बाक नव्हते. सतरंज्या. चपला बाहेर, बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे, पोरं मधल्या पट्ट्यात लोळत. शहरातल्या आमच्या चर्चमध्ये घड्याळ होतं. इथे उपासना सुरू व्हायची ती माणसं जमली म्हणजे. गुरं बांधून, दूध घालून माणूस येणार, त्याची वाट पाहायची. तोवर कुणीतरी टाळ घेऊन एखादं भजन धरायचं. कधीकधी वाट पाहण्यातच चार भजनं व्हायची आणि आजोबा म्हणायचे, “आता उपासना सुरू करू,” तेव्हा मला कळायचं नाही की मग इतका वेळ काय चाललं होतं.

सुगी झाली की उपकारस्तुतीची उपासना. ज्याच्या शेतात जे पिकलं त्यातलं पहिलं तो घेऊन यायचा. वेदी म्हणून जे टेबल होतं त्याच्यापुढे बाजरीची कणसं, ज्वारी, भुईमुगाच्या शेंगा, दुधाची चरवी, टोपलीत गवतावर अंडी. ज्याला शेत नाही तो मोळी आणायचा. एकदा एक बाई अंगणातल्या वेलाचा एकच भोपळा घेऊन आली, पण तो एवढा मोठा की तो उचलून ठेवायला दोन माणसं लागली. आणि कोंबडा. पाय बांधलेला गावरान कोंबडा नेहमी असायचाच, आणि प्रार्थनेच्या सगळ्यात शांत घटकेला तो आरवायचा. पेत्राची गोष्ट ठाऊक असलेल्या मुलांना तेवढं पुरे. आम्ही एकमेकांना चिमटे काढून हसू दाबायचो.

उपासना संपली की या सगळ्याचा लिलाव. पैसे चर्चच्या कामाला. लिलाव पुकारायला गावचे एक मास्तर, ते एरवी अतिशय गंभीर, पण “एक वार... दोन वार...” म्हणताना त्यांच्यात तमाशातला सोंगाड्या शिरायचा. भोपळा मी म्हणते तो पाच वेळा विकला गेला. पहिल्यानं घेतला आणि म्हणाला, परत लावा. दुसऱ्यानं घेतला, तोही म्हणाला, परत लावा. असं करत करत तो अखेर ज्या बाईनं आणला होता तिच्याच मांडीवर नेऊन ठेवला. ती लाजून पदरात तोंड लपवून हसत होती. बाजारात असा भोपळा कुणी घेणार नाही आणि घेतला तर परत देणार नाही. त्या दिवशी त्या खोलीत जे हसणं होतं, धुळीचं, शेंगांच्या टरफलांचं, आरवणाऱ्या कोंबड्याचं, ते मला पुढे मोठमोठ्या चर्चमध्ये, चांगल्या ध्वनियंत्रणेतसुद्धा तेवढं भेटलेलं नाही. अर्थात तेव्हा मी नऊ वर्षांची होते, हेही खरं.

*

माझ्या सांगण्यावरून असं वाटेल की आमची मंडळी म्हणजे नुसतं गाणं आणि भोपळे. तसं नाही. भांडणंही भरपूर. कमिटीची निवडणूक आली की सख्खे भाऊ दोन पॅनलांत. वार्षिक सभेला खर्चाचा हिशेब वाचला जाऊ लागला की ज्यांनी आयुष्यात दानाच्या थैलीत दहाच्या वर नोट टाकली नाही त्यांचाच आवाज सगळ्यात चढायचा. नळाच्या पाण्यावरून आमच्या गल्लीतल्या दोन बायकांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. दोघीही दर रविवारी यायच्या, मध्ये एक बाक सोडून बसायच्या आणि एकच गीत दोन दिशांना तोंड करून म्हणायच्या.

एका प्रभुभोजनाच्या रविवारी पावाचे चौकोनी तुकडे आणि द्राक्षरसाचे छोटे पेले टेबलावर पांढऱ्या कापडाखाली झाकलेले होते. पुढे येण्याआधी कुणाबद्दल मनात अढी असेल तर ती काढून टाका, असं पाळकसाहेब नेहमीप्रमाणे म्हणाले. ते दर वेळी म्हणायचे, आणि दर वेळी सगळे माना खाली घालायचे. त्या दिवशी ते जरा जास्त वेळ थांबले. कदाचित पान सापडत नसेल. तेवढ्या शांततेत त्या दोघींतली एक उठली, मधला बाक ओलांडून गेली आणि दुसरीच्या शेजारी बसली. बोलली काहीच नाही. दुसरीनं नुसतं सरकून जागा दिली. बस. नंतर नळावर त्या पुन्हा भांडल्या, मी स्वतः ऐकलं आहे. पण भांडल्या म्हणजे बोलल्या.

‘मंडळी’ हा शब्द मी सारखा वापरते आहे. नव्या करारातल्या ग्रीक ‘एक्लेसिया’ला मराठीत हा शब्द ज्यांनी योजला, त्यांना मी मनातल्या मनात अनेकदा सलाम करते. जेवायला बसलेली माणसं मंडळी, कीर्तनाला बसलेली मंडळी, लग्नाला आलेली मुलाकडची मंडळी. जुन्या काळी नवरा बायकोचं नाव घेत नसे, “आमची मंडळी माहेरी गेली आहेत,” असं म्हणायचा. एका बाईला अख्खा समुदाय करून टाकायचा. शब्द घरातला, चुलीजवळचा. आणि त्याचं व्याकरण पाहा: “मंडळी जमली आहे” असंही म्हणतात, “मंडळी जमली आहेत” असंही. ही एक आहे की अनेक, हे त्या शब्दानं अजून ठरवलेलं नाही. पौलानं करिंथकरांना शरीर आणि अवयव यांवरून जे एवढं समजावलं, ते आमच्या क्रियापदांनी असं सहज मोघम ठेवून दिलं आहे.

*

२०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, तेव्हा मी आईजवळ नगरलाच होते. १२ एप्रिलला ईस्टर होता. मोबाइलवर उपासना. मी फोन तांब्याला टेकवून टेबलावर ठेवला. आई आंघोळ करून, पांढरी साडी नेसून आली आणि त्या फोनपुढे डोक्यावर पदर घेऊन ताठ बसली. आवाज बंद ठेवा, अशी सूचना आली. सगळ्यांनी एकदम बोललं की कुणाचंच ऐकू येत नाही म्हणून. प्रभूच्या प्रार्थनेला कुणीतरी उत्साहानं आवाज सुरू केला आणि मग आणखी दहा-वीस जणांनी. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या घरातून, एकेक शब्द मागेपुढे येत होता. एकाचं “आमेन” झालं तेव्हा दुसरा अजून रोजच्या भाकरीवर होता. आईनं डोळे उघडले नाहीत. ती आपल्या चालीनं शेवटपर्यंत गेली. मग पदर सारखा करून म्हणाली, “कोण कोण आलं होतं?”

मी पडद्यावरचे चौकोन डावीकडून मोजायला लागले. निम्म्यांनी चेहरे बंद ठेवले होते, तिथे नुसती आद्याक्षरं होती.

पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, राज्यातली सगळी प्रार्थनास्थळं उघडली. पुढच्या रविवारी मी गेले. एकाआड एक जागेवर खडूनं फुली होती. पासष्टच्या वरच्यांनी घरी थांबायचं होतं; त्यामुळे पुस्तकावाचून गाणारे कुणीच नव्हते. तोंडावर मास्क. चाल उचलायला आधार नाही. बाजरीच्या पिठाच्या आवाजाच्या त्या मावशी ऑगस्टमध्ये गेल्या होत्या, आणि त्यांना पोचवायला मोजून चार माणसं होती. पहिल्या गीताला मी उभी राहिले आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा मला माझा आवाज ऐकू आला. दुसऱ्या कडव्यात पुढच्या ओळीतल्या एका पोरानं मागे वळून पाहिलं. हसला बहुतेक, मास्कमुळे नुसते डोळे दिसले. मी गात राहिले.

आता मी पुण्यात असते. महिन्यातले दोन रविवार नगरला जाते. आईला जिना उतरवत नाही. दुसरी घंटा झाली की ती खिडकीत खुर्ची ओढून बसते आणि रस्त्यानं जाणाऱ्यांना हात करते. पूर्वी “चला” म्हणायच्या त्या आजी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या दाराला आता दुसऱ्याच कुणाचं कुलूप असतं.

गेल्या खेपेला परत आले तर तिनं चष्मा पुसून ठेवला होता, नीट ऐकायला. चष्मा पुसल्यावर तिला जास्त ऐकू येतं. मी बाकांच्या क्रमानं सांगायला लागले. पहिला, दुसरा. रेल्वेतल्या काकांचा नातू, बायकोला घेऊन. पाळकीणबाई नव्या, लहानशा आहेत, त्यांच्या कडेवर बाळ.

“आणि आपल्या जागी?”

आपल्या जागी, म्हणजे खिडकीजवळ, मावशींच्या शेजारी. तिथे एक मुलगी बसली होती. विशीतली असेल. कधी पाहिलेली नव्हती. नर्सिंगला आलेल्या मुलींपैकी असावी, किंवा कुणाची पाहुणी. हातात पुस्तक उघडं होतं.

“गात होती का?” आईनं विचारलं.

मी आठवून पाहिलं. तिचे ओठ हलत होते, एवढं नक्की.